बासष्ट नंबरचं कार्ड

पौषात कांद्याची लागण निघाली की न्हावऱ्याच्या शिवारात सरळ उभी असलेली बाई शोधून सापडत नाही. सगळ्या वाफ्यांत वाकलेल्या असतात. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात. एक रोप, एक अंगठा, असं सकाळपासून दिवस कलेपर्यंत चालतं. मजूर मिळत नाहीत म्हणून वस्तीवरच्या बायका सावड करतात. आज सगळ्या तुझ्या रानात, उद्या सगळ्या माझ्या. ज्याच्या रानात सावड त्याच्या घरची भाकरी.

त्या दिवशी सावड धुरपदाच्या रानात होती. अंकिता तिसऱ्या वाफ्याच्या मधोमध होती, पण तिचं लक्ष कांद्यात नव्हतं. तिची पाळी नऊ दिवस चुकली होती. मुलगी बानू आठ महिन्यांची, बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपली होती. बानूच्या वेळी अंकिताचं इतकं रक्त गेलं होतं की दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. अजूनही वाकून एकदम उठली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. बावीस वर्षांच्या अंगाला हे शोभत नाही, हे तिलाही कळत होतं, आणि त्यावर आता दुसरं पोट आलं तर काय होईल या विचाराने तिच्या अंगठ्यातला जोर गेला होता.

"अंके, रोप आडवं पडतंय," शेजारच्या वाफ्यातून सासू रतनबाई म्हणाली. "दाबून लाव. कांदा का हवेत धरनार हाय?"

रतनबाई साठीला टेकलेली, पण वाफ्यात तिला कुणी मागे टाकलं नव्हतं. लग्न झाल्यापासून वीस वर्षं ती मेंढरांमागे चालली होती. मग मेंढरं गेली, जमिनीला पाणी आलं, चार गाई आल्या आणि चालणारी बाई वाकायला शिकली. सुनेच्या बाबतीत तिचा बेत साधा होता आणि तो तिने लपवलाही नव्हता. दोन पोरं लागोपाठ उरकायची, की लगेच ऑपरेशन. मग बाई मोकळी.

दुपारी भाकरी खाण्याआधी अंकिता ओढ्याकडे गेली आणि येताना हसत आली. पाळी आली होती. ओटीपोटात दुखत होतं तरी तिला बरं वाटत होतं. एरवी जिचा वैताग यायचा तीच आज पाहुण्यासारखी वाटत होती.

"काय गं, कुनी भेटलं का वड्याला?" चांगुणाने विचारलं. चांगुणाचं घर त्यांच्या घराला लागूनच. शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय हे तिला वासावरून कळतं.

"कुनी न्हाई," अंकिता म्हणाली आणि दीड भाकरी खाल्ली.

पण खाता खाताच तिने ठरवून टाकलं. दर महिन्याला अशी भीती घेऊन रानात यायचं नाही.

संध्याकाळी धारेच्या वेळी तिचा नवरा मल्हार सणसवाडीहून आला. पहिल्या पाळीला कंपनीत जायचं आणि उतरतीला मोटारसायकलवर परत, हा त्याचा नेम. अंकिता गाईच्या कासेखाली बसूनच बोलली.

"ऐकताय का? मला तीन साल तरी दुसरं नको."

"मला तरी कुठं पायजे? तुझं अंग भरू दे आधी."

"मग आत्यांना सांगा."

मल्हार गोचीड शोधत असल्यासारखा गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. कंपनीत हा गडी मोठ्या प्रेसवर काम करतो, सुपरवायझरलाही तोंडावर ऐकवतो. आईपुढे मात्र त्याच्या तोंडाला कुलूप.

"तू काय ते बघून घे," तो शेवटी म्हणाला. "माझं व्हय हाय असं समज."

तेवढं तरी मिळालं. पण बघून घ्यायचं कुठे? शिरूरला जायचं म्हणजे एसटीची वाट, अख्खा दिवस, आणि कशाला चाललीस याचं घरात उत्तर. गावातली, सरकारी आरोग्याचं काम बघणारी आशाताई रतनबाईच्या सख्ख्या भावाची सून. माहेर राहूला, तिकडे जाऊन काही करावं तर आठवड्याने बातमी नदी ओलांडून परत येणार.

राहिला नथानिएल डॉक्टरांचा दवाखाना. डॉक्टर नथानिएल जाऊन चार वर्षं झाली तरी दवाखान्याचं नाव तेच. आता तिथे त्यांची मुलगी शॅरन बसते. वस्तीवरच्या निम्म्या लोकांनी तिला झग्यात पाहिलंय. अजूनही म्हातारी माणसं सुई टोचून घेताना तिला "हळू गं पोरी" म्हणतात. गेल्या वर्षी ती पुण्याला जाऊन काहीतरी नवीन शिकून आली आणि दारावर पाटी लागली. बुधवारी दुपारी फक्त बायका.

बुधवारी बानूला खोकला झाला. फार नाही, पण दवाखान्यात न्यायला पुरेल एवढा. अंकिताने दारामागच्या खिळ्यावरून कार्ड घेतलं आणि निघाली.

हे कार्ड म्हणजे थोरल्या डॉक्टरांची पद्धत. माणसागणिक कागद ते करत नसत. घरटी एक पिवळं कार्ड, त्याला नंबर, आणि घरातल्या सगळ्यांची दुखणी त्याच्यावर एकाखाली एक. एकाला खरूज झाली तर उरलेल्यांनाही औषध द्यायचं हे त्यामुळे लक्षात राहतं, असं ते म्हणत. अंकिताच्या घराचा नंबर बासष्ट. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं ब्लडप्रेशर, रतनबाईचा गुडघा, मल्हारचं बोट प्रेसमध्ये चेमटलं ते, सगळं त्यावर होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुतळीने ते खिळ्याला अडकवलेलं असायचं, आणि ते लपवावं असं कुणाच्या कधी मनातही आलं नव्हतं.

शॅरनने बानूची छाती तपासली, काही नाही म्हणाली, आणि मग अंकिताच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"पांढरी आहेस अजून. लोहाच्या गोळ्या घेतेस का?"

"घेते. म्हंजी इसरते कधी कधी." अंकिता थांबली. मग एका दमात बोलली, "बाई, मला तीन साल दुसरं नको. ऑपरेशन पन नको. पुढं कवातरी एक पायजे. असं काय हाय का?"

शॅरन पडदा सरकवून तिच्या समोर येऊन बसली. तांबी दाखवली, इंजेक्शनचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. मग काडेपेटीतल्या काडीएवढी, मऊ, पांढरी काडी तिच्या तळहातावर ठेवली.

"ही दंडात, कातडीखाली बसवते. तीन वर्षं. अंगावर पाजत असलीस तरी चालते. पाळी मात्र मागेपुढे होईल, कधी नुसते डाग दिसतील, कधी येणारच नाही. त्याने घाबरायचं नाही. नको वाटली तर कधीही ये, मी काढून देईन आणि का म्हणून विचारणार नाही."

"मग पोर व्हतंय ना?"

"होतं. पाळी येऊन किती दिवस झाले?"

"आज चवथा."

"मग आजही बसवता येईल. घाई नाही. विचार करून पुढच्या बुधवारी आलीस तरी चालेल."

"पुढल्या बुधवारी आमच्या रानात सावड हाय," अंकिता म्हणाली. "बसवा आजच."

बानूला दयाबाईंनी घेतलं. दयाबाई थोरल्या डॉक्टरांपासूनच्या नर्स, कपाळावर चष्मा आणि गळ्यात बारीक क्रूस. सुई टोचताना अंकिताने डोळे मिटले, मग काही कळलंच नाही, नुसतं कुणीतरी दंड दाबल्यासारखं झालं. पट्टी बांधून झाली तेव्हा ती आत येताना बाहेरच्या बाकड्यावर सुरू झालेल्या गप्पाही अजून संपल्या नव्हत्या. एवढ्यासाठी आपण नऊ दिवस जीव मुठीत धरला, याचं अंकिताला हसू आलं.

दयाबाईंनी नेहमीप्रमाणे बासष्ट नंबरच्या कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. घरी येऊन अंकिताने नेहमीप्रमाणे ते खिळ्याला अडकवलं.

दंड लपवणं सोपं होतं. रानात जाताना बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतातच. मल्हारच्या कंपनीचा निळा शर्ट तिच्या कोपराच्या खाली येत होता. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, त्यानंतर हिरवा-पिवळा डाग पडला आणि तो कमीही व्हायला लागला. वाफ्यात वाकताना दंड ठणकायचा, पण ते ठणकणंही तिला आवडायचं.

सोमवारी आबांच्या गोळ्या संपल्या. रतनबाईने कार्ड घेतलं आणि नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली. बाकड्यावर चांगुणा होती, धुरपदा होती, आणखी दोघी होत्या. दयाबाईंची एक जुनी सवय होती. कार्ड हातात आलं की चष्मा खाली ओढायचा आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचायची, म्हणजे पडद्याआड डॉक्टरांना ऐकू जातं. थोरल्या डॉक्टरांच्या काळापासून त्या असंच वाचत आल्या होत्या आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. खोकला, जुलाब, गुडघा यांत लपवण्यासारखं असतं काय?

"घर नंबर बासष्ट," दयाबाईंनी वाचलं. "अंकिता. पोर नको म्हणून दंडात काडी, तीन वर्षांची. आठ दिवसांनी जखम पाहणे."

वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कार्ड त्यांच्या हातात तसंच राहिलं. बाकड्यावर चौघींनी एकदम रतनबाईकडे पाहिलं.

रतनबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काडी काय असते ते तिला ठाऊक नव्हतं, पण आपल्या घरातली गोष्ट आपल्याला बाकड्यावर कळली हे तिला नीट कळलं. आणि हे तोंडावर दिसलं तर चांगुणा ते वस्तीभर घेऊन फिरणार. वीस वर्षं परक्या रानांत मेंढरं बसवताना रतनबाई एक शिकली होती. कुत्रं भुंकलं तरी चाल बदलायची नाही.

"व्हय," ती म्हणाली. "मीच बसवायला लावली."

"तुमी?" चांगुणा म्हणाली.

"मग कोन? पोरीच्या अंगात रगत न्हाई. पाठोपाठ दुसरं आलं तर दोघींचं वाटुळं. मीच म्हनलं, जा, घे बसवून."

शॅरन पडद्याबाहेर आली होती. तिचा चेहरा उतरला होता. "मावशी, आमच्याकडून चूक झाली. हे असं सगळ्यांत वाचायला नको होतं."

"चूक कसली त्यात? मला म्हाईतच हाय," रतनबाई म्हणाली. "ह्यांचं बीपी बघा."

त्या दिवशी आबांपेक्षा तिचंच बघायला हवं होतं. परत येताना ती इतकी भरभर चालली की आबा वीस पावलं मागे राहिले.

"तुला खरंच म्हाईत व्हतं?" त्यांनी मागून विचारलं.

"गप चला."

घरी अंकिता उंबऱ्यात बसून बानूला पाजत होती. मल्हार नुकताच येऊन बूट काढत होता. रतनबाईने कार्ड दोघांच्या मधे टाकलं.

"उद्या जायचं आन् काढून यायचं."

अंकिताने कार्डाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिचा हात आपोआप दंडावर गेला.

मल्हार उभा राहिला. एक बूट पायात, एक हातात. "आई, मीच जा म्हनलो तिला," तो म्हणाला. बोलणं छोटं होतं, पण कुलूप उघडलं होतं, आणि अंकिताला तो त्या क्षणी फार आवडला.

"मला सांगायला तोंड न्हवतं का तुमाला?"

"सांगितलं आसतं तर जाऊ दिलं आसतं का?" अंकिताने विचारलं. तिचे डोळे खाली गेले नाहीत.

"न्हाई."

"मग आत्या, मी काय करनार? उठलं की अंधारी येती. पदरात बानू हाय. मला ही पोर धड वाढवू द्या. तीन साल द्या. मग मीच काढून येते."

 रतनबाईला राग काडीचा कमी आणि बाकड्याचा जास्त होता, आणि बाकड्याचा राग कुणावर काढावा हे तिला समजत नव्हतं. ती गाईंना वैरण टाकायला गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

मंगळवार असाच गेला. भाकऱ्या झाल्या, धारा झाल्या, पण सासू-सुनेत बानूच्या मार्फत बोलणं चाललं. "बानू, आईला म्हनावं पीठ संपलंय." "बानू, आज्जीला म्हनावं दळून आनलंय." दिवसभर निरोप्याचं काम करून पोर दमून गेली. काढून येण्याचं मात्र कुणी बोललं नाही. संध्याकाळी आबा बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "काडी काढायची ती काढा. पन चांगुणानं इचारलं तर काय सांगायचं? तूच बसवली आन् तूच काढली?"

रतनबाईने त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत या माणसाने कामाचं असं काही बोलल्याचं तिला आठवेना. ती भाकरी थापत राहिली.

बुधवारी सावड बासष्ट नंबरच्या रानात आली. बाराजणी होत्या. रतनबाईने रोपांच्या जुड्या वाटल्या आणि पहिला वाफा धरला. सगळ्यांचे अंगठे चिखलात गेले तेव्हा चांगुणाने तोंड उघडलं. दोन दिवस तिने कसे काढले तिचं तिला माहीत.

"रतनबाई, ती काडी अंगात फिरली म्हंजी?"

रतनबाईने एक रोप लावलं, दुसरं लावलं. अंकिता चार वाफे पलीकडे होती. तिचे हात थांबले.

"फिरायला ती काय मेंढरू हाय?" रतनबाई म्हणाली.

बायका हसल्या. चांगुणा हसली नाही. तिला खरंच विचारायचं होतं. "आमच्या सीमाचं पोरगं आजून चालत न्हाई, आन् तिला परत दिवस जातील म्हनून ती रोज रडती. म्हनून इचारते. तुमी काय म्हनून बसवली?"

सीमा म्हणजे चांगुणाची सून. ती शेवटच्या वाफ्यात मान खाली घालून होती, वीस वर्षांची, मनगटं काटकीसारखी. रतनबाईने तिच्याकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून ती सरळ उभी राहिली. लागणीत ती कधी उभी राहत नसे.

"मेंढरं व्हती तवा मेंढ्याच्या पोटाखाली आमी फडकं बांधायचो," ती म्हणाली. "का? तर तो मेंढीवर जाऊ नये, आन् कोकरं भर पावसात पडू नयेत. पावसात पडलेलं कोकरू गारठतं, आन् मेंढी पन जाती. दोन म्हयने फडकं, मग सोडायचं. मग पडलेली कोकरं बघा, कशी टनाटना उड्या मारायची. येळ साधायची आसती. मेंढरातलं मला कळतंय, तर माझ्याच सुनंतलं कळू नये?"

"म्हंजी अंकिताला फडकं बांधलं म्हना की," धुरपदा म्हणाली, आणि मग सगळं रान हसलं. रतनबाईही हसली. अंकिता शर्टाच्या बाहीत तोंड लपवून हसली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला रडूही येतंय.

"पन ते फडकं सोडता येतंय," रतनबाई वाकता वाकता म्हणाली. "ही बी काढता येती. इचार सीमाला. दुपारून डॉक्टरीन बसती, बुधवारी. भाकरी खाऊन जा घेऊन तिला. आन् दयाबाईला सांग, वाचायचं मनात."

भाकरीला बाजरी होती, ठेचा होता आणि पातेलंभर ताक. सीमा लवकर जेवून उठली. चांगुणा तिला घेऊन रस्त्याकडे गेली. त्या दोघी येईपर्यंत सीमाचा वाफा रतनबाईने लावला.

उन्हं उतरली तेव्हा बायका घरोघर पांगल्या. अंकिता पाटाच्या पाण्यात हात-पाय धूत होती. रतनबाई तिच्या शेजारी येऊन बसली आणि पाण्यात पाय सोडले. दोन दिवसांनंतर ती सुनेशी थेट बोलली.

"दाव बघू."

अंकिताने शर्टाची बाही वर केली. रतनबाईने ओला हात पदराला पुसला आणि दोन बोटं दंडाच्या आतल्या बाजूला ठेवली. गाभण मेंढीचं पोट चाचपून एक की दोन हे ती असंच सांगायची, डोळे मिटून. बोटांखाली काडी लागली. बोटं तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू गेली आणि परत आली.

"दुखतंय का?"

"न्हाई आता."

रतनबाईने बोटं काढली नाहीत. "मल्हारच्या आधी मला तीन झाली," ती म्हणाली. "चार सालात तीन. एक पान्शेतच्या वाटंवर गेलं. एक भीमंच्या काठाला. तिसरी सात म्हयन्याची व्हती, तिला दूध पुरंना, कारन पोटात मल्हार आलावता. मेंढरं थांबत न्हाईत, म्हनून आमी बी थांबलो न्हाई."

 चार वर्षांच्या संसारात हे अंकिताला कुणी सांगितलं नव्हतं, मल्हारनेही नाही. कदाचित त्यालाही माहीत नसेल.

"मेंढ्याला फडकं मी माझ्या हातानं बांधायची," रतनबाई म्हणाली. "माझं कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई. माझ्या बी न्हाई."

पाटाचं पाणी तिच्या पोटऱ्यांवरून जात राहिलं. अंकिताने सासूच्या हातावर हात ठेवला आणि तिने तो ठेवू दिला. झोळीत बानू जागी होऊन कुरकुरायला लागली.

"तीन साल म्हंजी बानू बालवाडीत जाईल," रतनबाई उठत म्हणाली.

"व्हय."

"जाऊ दे मग. तू बस जरा, मी घेते तिला."